अर्ध्या बॅटऱ्या

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. चार-पाच माणसं एका छंदाच्या नादी लागली आणि मधे वऱ्हाडातला एक उन्हाळा गेला, की ते आपोआप साचतात. आमच्या ग्रुपमध्ये तर जूनचा पहिला रविवार विमान उडवण्यात कमी आणि यंदा कुणी काय घोळ घातला हे ऐकण्यात जास्त जातो. ऐकताना हसू येतं. घरी परतताना मात्र एखादा किस्सा गाडीत शेजारी येऊन बसतो आणि राजापेठेपर्यंत उतरत नाही.

आमचा छंद म्हणजे रिमोटवर उडणारी विमानं. ती खेळण्यातली नाहीत असं आम्ही म्हणतो. घरचे लोक ती खेळण्यातलीच आहेत असं म्हणतात. अमरावती आणि अकोल्याच्या मधोमध, अमरावतीहून येताना मूर्तिजापूरच्या पलीकडे गजूभाऊंचं शेत आहे. गजूभाऊ भाजीपाला पिकवतात, पण त्या शेताच्या एका मुरमाड तुकड्यात काहीच उगवत नाही. रविवारी सकाळी सातला तिथे आम्ही उगवतो.

आम्ही म्हणजे पाच जण. माझं अमरावतीला राजापेठेत औषधाचं दुकान. दुकानाच्या वरच्या मजल्यावर देशमुख सरांचे फिजिक्सचे क्लास. शेतवाले गजूभाऊ. अकोल्याहून येणारे अस्लमभाई, ते कूलर बनवतात. आणि अकोल्याचेच वसंतकाका, बसच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. काका कधीच विमान उडवत नाहीत. ते येतात, घडीचं स्टूल उघडून बोरीच्या सावलीत बसतात आणि पाहतात. विमान त्यांच्या मुलाचं आहे, नितीनचं. तो हैदराबादला नोकरीला. वर्षातून एखाद-दोनदा येतो. तोवर त्याच्या बॅटऱ्या जिवंत ठेवायच्या, एवढ्या एका कामासाठी काका आमच्यात आले.

आणि आमचे सगळे किस्से होतात ते या बॅटऱ्यांपायीच. एकेक बॅटरी दिसायला साबणाच्या वडीएवढी, पण ताकद भरपूर आणि स्वभाव तापट. ऊन लागलं की फुगते, फार छळली तर पेट घेते. मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या वर असताना, तिला ठेवायचं कुठे?

*

माझ्या दुकानातल्या निम्म्या औषधांवर छापलेलं असतं, 'थंड व कोरड्या जागी ठेवा'. वीस वर्षं मी हे वाक्य गिऱ्हाइकांना वाचून दाखवत आले. बॅटरीच्या खोक्यावरही नेमकं तेच निघालं. मला फार बरं वाटलं. चला, निदान एका बाबतीत तरी मी या लोकांपेक्षा हुशार आहे! पहिल्याच उन्हाळ्यात मी ते गजूभाऊंना मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

गजूभाऊंनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली.

"ताई, आपल्याकडं मे मैन्यात थंड जागा म्हनजे कूलरसमोर. अन् कोरडी जागा म्हनजे कूलरपासून लांब. दोन्ही एकाच ठिकानी कुठी भेटते ते सांगा, मी झोपाले बी तथीच जातो."

वीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं मला हा प्रश्न विचारला नव्हता. बिचारे सगळे मान डोलावून औषध घेऊन गेले होते. शेवटी आम्ही ठरवलं की ज्यानं त्यानं आपल्या घरातली खालच्या मजल्यावरची, पश्चिमेचं ऊन न लागणारी मधली खोली शोधायची आणि तिथे फरशीलगत बॅटऱ्या ठेवायच्या. तेव्हापासून गिऱ्हाइकांना ते वाक्य वाचून दाखवताना माझा आवाज जरा खाली येतो.

*

देशमुख सरांनी ग्रुपवर सतरा नियम टाकले. सर फिजिक्सचे, त्यामुळे प्रत्येक नियमाखाली कारणही दिलेलं. बॅटरी अर्धी भरून ठेवावी, पूर्ण भरलेली उन्हाळ्यात लवकर फुगते. उडवून आल्यावर गार झाल्याशिवाय चार्जिंगला लावू नये. चार्जिंग चालू असताना जवळून उठू नये, हा नववा नियम. आणि पहिलाच नियम, ठळक अक्षरांत: बॅटरी बंद गाडीत ठेवून जाऊ नये.

त्याच रविवारी परतताना सर मूर्तिजापूरला एका लग्नात जेवायला थांबले. तीन बॅटऱ्या डिकीत होत्या. पण सर नियम मोडणारे नव्हेत. त्यांनी गाडी कडुनिंबाच्या गर्द सावलीत लावली, चारही काचा बोटभर खाली केल्या आणि निश्चिंत मनानं पंगतीला बसले. सकाळचे अकरा वाजले होते. लग्न वऱ्हाडातलं, मंगलाष्टकंच बाराला सुरू झाली. सर अडीचला बाहेर आले तेव्हा सावली झाडाच्या दुसऱ्या बाजूला होती आणि गाडी भर उन्हात. तिन्ही बॅटऱ्या टम्म.

पुढच्या रविवारी त्यांनी हे आम्हाला प्रामाणिकपणे सांगितलं. सर खरंच प्रामाणिक आहेत, म्हणून तर किस्सा आमच्यापर्यंत आला. आम्ही हसू दाबलं. गजूभाऊंना तेवढं जमलं नाही.

"सर, सावली सरकते हे आमच्या बैलाले बी समजते. थो बांधल्या जागी उठून दुसऱ्या आंगाले बसते."

सरांनी अठरावा नियम टाकला नाही. त्यांच्या जागी मी असते तर रागावले असते. ते मात्र वर्गात सूर्याची गती शिकवताना आता हा बैल सांगतात म्हणे.

*

गजूभाऊंचा स्वतःचा घोळ मात्र डोक्यानं केलेला होता. त्यांनी नवा कोरा माठ आणला, त्यात तळाला वाळू घातली, त्यावर चार बॅटऱ्या ठेवल्या आणि माठ ओसरीच्या कोपऱ्यात, घरातल्या सगळ्यात गार जागी ठेवला. मातीला आग लागत नाही, वाळू जवळ असलेली बरी, वर झाकण सैल. ऐकून सरांनीसुद्धा वाहवा केली. मीही तसा माठ घ्यायच्या बेतात होते.

गजूभाऊ ही गोष्ट एका माणसाला सांगायचे विसरले. संगीतावहिनी, म्हणजे त्यांच्या घरच्या, सकाळी साडेपाचला उठतात आणि पहिलं काम म्हणून घरातले सगळे माठ भरतात. ओसरीत नवा माठ दिसला. आणला असेल जास्तीचा, उन्हाळाच आहे. झाकण सरकवून त्यांनी अंधारातच दोन कळशा ओतल्या.

असं पाच दिवस चाललं. रोज सकाळी माठ थोडा उतरलेला दिसायचा, नवा माठ पाझरतोच, आणि वहिनी तो पुन्हा काठोकाठ भरायच्या. रविवारी गजूभाऊंनी बॅटरीसाठी हात घातला तो कोपरापर्यंत पाण्यात. ते वहिनींवर चिडले. वहिनींनी हातातलं काम न सोडता विचारलं,

"रिकामा माठ घरात कोन ठेवते जी?"

 नासलेल्या बॅटऱ्या आम्ही भंगारातल्या इलेक्ट्रिक सामानाच्या माणसाकडे नीट सांगून दिल्या. वसंतकाका सहसा बोलत नाहीत, पण त्या दिवशी बोरीखालून म्हणाले, सूनबाईचं काही चुकलं नाही, घरात वस्तू भरलेली असावी, अर्धी-रिकामी नसावी. आम्ही सगळे हसलो. ते हसले नव्हते, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

*

आता माझा किस्सा. दुसऱ्यांचे सांगायचे आणि आपला गिळून टाकायचा, हे बरं नाही.

माझ्या दुकानात इन्शुलिनचा फ्रीज आहे. बाहेर जग भाजत असताना आत सहा डिग्री. मी रोज तो उघडायचे आणि रोज मोह व्हायचा. अखेर एका एप्रिलमध्ये माझ्या दोन बॅटऱ्या पिशवीत घालून खालच्या खणात सरकवल्या. नियमांत बसत नव्हतं, हे मला ठाऊक होतं. औषधाच्या फ्रीजमध्ये औषधाशिवाय काही ठेवू नये, हे मीच हाताखालच्या लोकांना शिकवते. शिवाय गार बॅटरी एकदम उन्हात काढली की तिला घाम फुटतो, ओल धरते. तेही सरांच्या नियमांत होतं. पण माणूस स्वतःपुरता अपवाद फार चटकन करतो.

तिसऱ्या दिवशी तपासणीला औषध खात्याचे साहेब आले. शांत माणूस. बिलं पाहिली, कपाटं पाहिली, फ्रीजचं तापमान लिहून घेतलं. मग खालच्या खणातून पिशवी बाहेर काढली. एक बॅटरी हातात घेऊन चारी बाजूंनी वाचली.  वीस वर्षांत एक शेरा नव्हता माझ्या दुकानावर.

"मॅडम, याच्यावर एक्स्पायरी नाही," ते म्हणाले.

मी सगळं खरं सांगून टाकलं. विमान, उन्हाळा, गजूभाऊंचा माठ, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि वहीत शेरा लिहिला, लिहायलाच हवा होता. मी बॅटऱ्या त्यांच्यासमोरच घरी न्यायच्या पिशवीत घातल्या. पायऱ्या उतरता उतरता ते परत आले आणि दुकानात कुणी नाही असं पाहून हळूच विचारलं, "किती उंच जाते?"

*

अस्लमभाईंनी आमचा बराचसा प्रश्न सोडवला. कूलरच्या पत्र्याचा त्यांनी प्रत्येकाला एकेक डबा करून दिला, आतून विटेचे तुकडे लावलेला. काम सफाईदार, पण माझ्या डब्याचं झाकण नीट बसेना. मी तक्रार केली. ते म्हणाले की झाकण मुद्दामच सैल ठेवलंय. "घट्ट बंद केलं तं बॉम होईल, ताई. आतमधी भडकलंच तं त्याले बाहेर निघाले रस्ता पाह्यजे."

त्यांच्या स्वतःच्या बॅटऱ्या मात्र कित्येक दिवस पुठ्ठ्याच्या खोक्यातच होत्या. त्यांचा डबा भाभींना आवडला आणि त्यात त्यांनी वर्षाच्या शेवया भरल्या. अस्लमभाईंची मागायची हिंमत झाली नाही. आम्हीही त्यांना भरीस घातलं नाही, कारण त्या शेवयांचा शीरखुर्मा आम्हीही खातो.

*

गेल्या मे महिन्यात वसंतकाका लागोपाठ दोन रविवार आले नाहीत. फोन केला तर म्हणाले, ऊन सोसत नाही. दुसऱ्या सोमवारी मला ठोक औषधांसाठी अकोल्याला जायचंच होतं. अस्लमभाईंना सोबत घेतलं आणि सकाळी अकराच्या सुमाराला काकांच्या घरी गेलो.

काकू जाऊन तीन वर्षं झालीत. घर स्वच्छ होतं, एकट्या माणसाचं असतं तसं, जिथली वस्तू तिथे. आमच्या डब्याची चौकशी केली तर काका म्हणाले, डबा वर आहे, नितीनच्या खोलीत. वर गच्चीवर पत्र्याची खोली. खिडकीला अस्लमभाईंच्याच हातचा कूलर. छताला नितीनचं विमान टांगलेलं, पंखांवर धुळीचा कण नाही. खाट, आणि खाटेच्या उशाशी टेबलावर टॉवेल अंथरून त्यावर आठ बॅटऱ्या ओळीनं मांडलेल्या. अस्लमभाईंचा डबा कोपऱ्यात रिकामा. काका म्हणाले, डब्यात नजरेआड होतात. इथे झोपता-उठता दिसतात.

मी चार्ज मोजायचा मीटर काढला. पहिली बॅटरी पूर्ण भरलेली. दुसरी पूर्ण. आठही पूर्ण. काका दर सोमवारी त्या काठोकाठ भरत होते, तीन वर्षं, पत्र्याखाली, आणि त्यांच्याच शेजारी झोपत होते. त्यातल्या दोन चांगल्याच फुगल्या होत्या.

"काका, या फुगल्यात."

"हो ना," काका म्हणाले. "आंगी लागलं म्हनलं."

मला हसू आलं नाही. खरं सांगते, मला राग आला. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, सरांचे नियम वाचले नाहीत का तुम्ही? अर्धी ठेवा, अर्धी ठेवा, दर उन्हाळ्यात सांगतोय आम्ही. काकांनी शांतपणे ऐकलं. मग सांगितलं की ते चाळीस वर्षं वर्कशॉपच्या बॅटरी सेक्शनला होते. बसची बॅटरी ऊन असो पाऊस असो, भरून ठेवायची. अर्धी राहिली की आतून मरते. त्यांच्या हातची बस रस्त्यात बंद पडली असं चाळीस वर्षांत झालं नाही. आणि आता हातातलं काम सोडून अर्धवटपणा करायचा?

यात खोटं काहीच नव्हतं. बसची ती शिशाची बॅटरी असते, ती भरूनच ठेवावी लागते. ही लिथियमची, वेगळी आहे. चाळीस वर्षांचं बरोबर काम एका टेबलावर येऊन चूक ठरत होतं, आणि हे कुठल्या तोंडानं सांगावं, ते मला कळेना.

अस्लमभाईंनी बोलण्यात वेळ घालवला नाही. त्यांनी घमेल्यात वाळू आणली, फुगलेल्या दोन बॅटऱ्या अलगद तीत ठेवल्या, जिना उतरून अंगणात भिंतीपासून लांब नेल्या. आम्ही खाली ओसरीत बसलो, काकांनी पाणी दिलं. दहा-पंधरा मिनिटं झाली असतील. अंगणातून फुसकारल्यासारखा आवाज आला, मग पांढरा धूर, आणि मग कमरेएवढी ज्वाळा. मिनिटभरात सगळं संपलं. घमेल्याचा काठ काळा पडला. अस्लमभाईंनी वरून आणखी वाळू ओतली.

वरच्या खोलीतली उशी तिघांच्याही डोळ्यांसमोर होती. 

"त्यातली एक नितीनची सगळ्यात जुनी होती," काका घमेल्याकडे बघत म्हणाले. "दहावीत घेतली होती."

उरलेल्या सहा अर्ध्यावर आणायच्या होत्या. काकांनी स्वतःच मोटारसायकलच्या इंडिकेटरचा एक बल्ब आणि वायर आणली, हे काम त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. बल्ब लावायचा, बॅटरी हळूहळू उतरू द्यायची, मीटरवर पन्नास टक्के दिसलं की काढायचा. अंगणाच्या सावलीत ते बल्बकडे बघत बसले. भर दुपारी पेटलेला एवढासा पिवळा दिवा. तीन बॅटऱ्या झाल्यावर ते बोलायला लागले, माझ्याकडे न बघता.

नितीन आणि ते फारसे कधी बोललेच नव्हते. भांडण वगैरे काही नाही. घरातलं बोलणं काकूंच्या मार्फत चालायचं. नितीननं आईला सांगायचं, आईनं यांना सांगायचं. काकू गेल्या आणि मधला माणूसच गेला. आता नितीन येतो, दोन दिवस राहतो. विमान घेऊन भल्या सकाळी जातो, दुपारी झोपतो, संध्याकाळी मित्रांकडे.

"आला का पयले एकच इचारते. बाबा, बॅटऱ्या चार्ज हायेत का? मी म्हनतो, हायेत. बास, एवढंच. आता काय म्हनू त्याले? अर्ध्या हायेत?"

आता कुठे मला कळलं की आम्ही तीन उन्हाळे या माणसाकडून काय मागत होतो. बापलेकांमध्ये उरलेलं ते एकच वाक्य, आणि त्याचं उत्तर आम्ही काढून घेत होतो. पण वर ती उशी होती.  बल्ब जळत होता. सहावी बॅटरी उतरल्यावर काकांनी ती डब्यात ठेवली, झाकण ओढलं आणि विचारलं की अर्ध्याचं पूर्ण व्हायला किती वेळ लागतो.

मी म्हटलं, पाऊण तास.

"साऱ्याइले?"

एकीला. एका वेळी एकच लावायची. काकांचा चेहरा उतरला. एवढा वेळ तो पोरगा कुठे थांबतो, म्हणाले. लवकर नाही का करता येत? येतं, मी सांगितलं, पण या उन्हात घाई केली की बॅटरी तापते, ते करू नका. आणि चार्जिंग चालू असेपर्यंत जवळून उठायचं नाही, सरांचा नववा नियम, तो तर मुळीच मोडू नका. काकांनी मान हलवली. डबा आम्ही खालच्या मधल्या खोलीत, फरशीवर ठेवून दिला आणि निघालो. त्यांच्या घरापाशी उतरताना अस्लमभाई म्हणाले, जान वाचवली आपण काकांची. मी हो म्हटलं, पण बडनेऱ्यापर्यंत मला काही चैन पडलं नाही.

*

मेच्या शेवटच्या आठवड्यात नितीन चुलत भावाच्या लग्नाला आला. दोन दिवसांसाठीच. ही बातमी आम्हाला अस्लमभाईंकडून कळली. त्यानंतरच्या रविवारी, जूनच्या पहिल्या, मी शेतावर जरा लवकरच गेले, तर काका माझ्याही आधी येऊन बोरीखाली स्टुलावर बसलेले. मांडीवर कापडी पिशवी.

देशमुख सरांनी आल्या आल्या विचारलं, नितीननं उडवलं का विमान?

"नाई," काका म्हणाले. "नाई उडवलं."

 व्हायचं तेच झालं असं वाटलं. पोरानं विचारलं असेल, यांनी अर्ध्या आहेत म्हणून सांगितलं असेल, आणि तो चप्पल घालून मित्रांकडे गेला असेल. आम्हीच केलं हे. मी काकांच्या शेजारी खाली मुरमावर बसले.  काका आपल्या संथ चालीनं सांगायला लागले.

नितीन लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला उठला. नेहमीचं विचारलं. काकांनी सांगितलं, अर्ध्या आहेत, एकीला पाऊण तास लागतो. तो म्हणाला, मग लावून ठेवा, मी येतोच. काकांनी त्याला नववा नियम सांगितला. चालू असताना उठता येत नाही. अंगणातला काळा पडलेला घमेल्याचा काठही दाखवला. मग दोघं अंगणात बसले, डबा मधे ठेवून.

"पयली झाली," काका म्हणाले. "मंग दुसरी लावली."

"मग?" गजूभाऊंनी विचारलं.

"मंग तिसरी. साडेअकराले साही झाल्या. तोवर ऊन चढलं. उनात कोन उडवते?"

आम्ही सगळे ऐकत होतो. सरांच्या हातातलं विमान हातातच होतं. सरांना राहवलं नाही. ते म्हणाले, काका, पण मग न उडवता पूर्ण भरलेल्याच राहिल्या की सगळ्या.

"नाई ठेवल्या," काका म्हणाले. "संध्याकाळी बल्ब लावून पुन्हा अर्ध्या केल्या. थोच बसला होता बल्ब धरून. मित्राचा फोन आला तं म्हने, आता उठता येत नाई."

साडेचार तास सकाळचे, आणि संध्याकाळ वेगळी. काय बोलत होते दोघं, हे कुणी विचारलं नाही. गजूभाऊंनीसुद्धा नाही. वारा पडला होता, उडवायला उत्तम सकाळ होती आणि कुणीच उठत नव्हतं.

काकांनी मांडीवरची पिशवी उघडली. आतून नितीनचा चार्जर काढला, बाहीनं पुसला आणि माझ्या हातात दिला.

"ताई," ते म्हणाले, "याले याच्यापेक्षा हळू करता येते का?"